मागची खोली

बबनने आईचा स्टोव्ह उचलून पोत्यात घातला आणि पोतं पलंगाखाली सरकवलं. रॉकेलचा वास घरात पसरला, तशी त्याच्या बायकोने, सरूने, बुद्धाच्या तसबिरीपुढे दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

"आई, आजचा दिवस आत ये. मोजणीवाला गेला की बघू."

गयाबाई आत आली. सासू-सुनेचं पटेना म्हणून बबनने तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. नवऱ्याने अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्य घालवून कॅम्प चारच्या वस्तीत हे घर उभं केलं, आणि तो गेल्यावर वर्षाच्या आत तिची चूल वेगळी झाली. ती तिथेच रांधायची, एकटीच जेवायची. सरूची दोन्ही वेळची भांडी मात्र तीच घासायची. त्यात वेगळेपणा कोणाला आठवला नव्हता.

आता घराची मोजणी होऊन नवी घरपट्टी बसणार होती. शेजारी शिलाईच्या मशिनी लावून बसलेल्या सिंधी सेठने बबनला सांगितलं होतं, "अलग चूल्हा दिखा, तो किराएदार लिखेंगे. टॅक्स डबल." तेवढ्यावर बबनची झोप उडाली. नगरपालिकेत जाऊन विचारावं, असं काही त्याला सुचलं नाही. तिथल्या साहेबापेक्षा गल्लीतल्या शहाण्यांवर आपल्या लोकांचा विश्वास जास्त.

सरूने सासूला चटई टाकली, ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. नात येसू आजीला खेटून बसली.

"आजी, आता रोज इथंच जेवायचं ना?"

गयाबाईने मागून भात घेतला. मागून घ्यायची सवयच मोडली होती तिची. सरूनेही वाढला. वाढणाऱ्या हाताकडे गयाबाई जरा वेळ बघत राहिली आणि वेडीला खरंच वाटलं, की आता असंच चालेल.

मोजणीवाला आला. पुढची खोली, मोरी, माळा, सगळं टेपने मोजून तो मागे गेला. बबन त्याच्या मागोमाग.

"अडगळ आहे साहेब. कोणी राहत नाय."

"मग भिंत कशाने काळी झाली?"

मोजणीवाला परत पुढच्या खोलीत आला आणि सवयीच्या सुरात म्हणाला, "भाडेकरू असेल तर सांगा, पट्टी वाढते. घरचं माणूस असेल तर काही फरक पडत नाही. चुली चार का असेनात."

"काय सांगता!" बबनचा चेहराच उजळला. "आईच राहते साहेब. सख्खी आई."

त्याने वाकून पलंगाखालचं पोतं ओढलं, स्टोव्ह काढला आणि गयाबाईच्या ताटाशेजारी ठेवला.

"घे आई, तुझा स्टोव्ह. जेवण झालं की घेऊन जा."

सरूने भाताचं पातेलं उचलून आत नेलं. आईच्या ताटात अजून अर्धा भात होता. हे दोघांपैकी एकालाही दिसलं नाही, याचा राग येतो. पण त्या घरात राग येण्यासारखं काही घडलं, असं कोणालाच वाटलं नाही.

मोजणीवाल्याने पेनाचं टोपण काढलं.

"आजी, विचारावं लागतं म्हणून विचारतो. मागच्या खोलीत तुम्हीच राहता ना?"

"मीच."

"म्हणजे घरच्याच."

गयाबाईने हात ताटात धुतला. पदराला पुसला. स्टोव्ह स्वतःकडे ओढून घेतला.

"नाय साहेब. भाडेकरू."

"आई!" बबन ओरडला. "साहेब, म्हातारी हाय, तिचं काय ऐकता..."

मोजणीवाल्याने हात वर करून त्याला थांबवलं.

"भाडं किती देता, आजी?"

"दोन टायमाची भांडी घासते," गयाबाई म्हणाली. "आजची राहिल्यात अजून."