गुरुदासचं नाक

गुरुदासचं नाक नेमकं कधी गेलं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कळलं ते गणपतीच्या चवथीच्या दिवशी. राखीनं हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवरून काढून नवऱ्याच्या ताटात ठेवल्या. त्यानं पान उलगडलं, वाफ तोंडावर आली आणि नुसती ऊब लागली. दुसरं काहीच नाही. त्यानं पान नाकाशी नेलं, चुरगळलं, पुन्हा हुंगलं. ओला कागद हातात धरावा तसं.

"कशा झाल्यात?" राखीनं विचारलं.

"बेस झाल्यात," तो म्हणाला आणि खाली मान घालून खात राहिला.

कुंभारवाड्याच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं घर. बापजाद्यांचं भाताचं वावर होतं, रानातली मजुरी होती. पण गुरुदासनं तरुणपणीच टँकरचं चाक धरलं. किनाऱ्यावरच्या डेपोतून रंगाच्या कारखान्यांना लागणारं थिनर भरायचं, अणशीचा घाट चढायचा आणि घाटावरच्या कारखान्यांत रिकामं करायचं. मागं लाल अक्षरांत 'धोका' लिहिलेलं, पुढं देवीचा फोटो. भरताना टाकीवर चढून झाकण उघडायचं, आत डोकावून पातळी बघायची. गोडसर उग्र वाफ भसकन तोंडावर यायची. मास्क मिळालेला होता, पण त्यात जीव गुदमरतो म्हणून तो केबिनमधल्या खिळ्यालाच लटकायचा. माल उतरवून झाला की डोकं हलकं आणि छाती जळजळती. जुने ड्रायव्हर सांगायचे, एक क्वार्टर मारली की आतला गॅस कापतो. सगळेच कापायचे. गुरुदासही कापायचा.

चवथीनंतर तो गुपचूप डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "दारूनं गॅस कापत नाही. वाफेनं डोकं फिरतं, वर तुम्ही दारू ओतता, म्हणजे दोन्हींकडून मार. नाक परत येईल की नाही, सांगता येत नाही."

त्या दिवसापासून त्यानं बाटलीला हात लावला नाही. 'येईल की नाही' यातलं 'येईल' तेवढंच त्यानं मनात धरलं. घरी असला की पहाटे उठून गोठ्यात जायचा, म्हशीच्या पाठीला नाक लावायचा. लिंबाचं पान चुरडायचा. राखी चुलीच्या निखाऱ्यात कोन, म्हणजे रानातला कंद, पुरायची. तो भाजतानाचा वास पूर्वी त्याला अंगणातून आत ओढून आणायचा. आता तो चुलीपाशी बसून साल काळी पडताना बघायचा. वावरात, गोठ्यात, घरात सगळं होतं तिथंच होतं, आणि तरी तो लांब कुठंतरी डेपोच्या लायनीत अडकून पडल्यासारखा होता. घरात बसून घराची आठवण यायची.

राखीला त्यानं सांगितलं नाही. मालकाला तर नाहीच. टँकरवाल्याचं नाक म्हणजे त्याची धोक्याची पहिली घंटा. ती वाजत नाही म्हटल्यावर गाडी कोण देणार?

त्याच्या जोडीला रामनगरचा शिवानंद होता, दुसरा ड्रायव्हर. मनाचा मोकळा, गाडीवर हात साफ, पण पिणारा. पूर्वी शिवानंद केबिनमध्ये चढला की एका श्वासात गुरुदासला कळायचं आणि तो चाक देत नसे. आता डोळे बघून ठरवायचं. पण डेपोतून निघालेल्या माणसाचे डोळे तसेही लालच असतात.

भातं कापून झाली होती, त्या दिवसांतली दुपार. घाटात शिवानंद चालवत होता. एका वळणावर मागचा भाग कडेच्या दगडांना घासला आणि गाडी हादरली.

"अरे, बघून!" गुरुदास ओरडला.

"काय झालं न्हाई अण्णा, दगूड हुता," शिवानंद हसला.

घाट संपून कुंभारवाड्याला फुलाक्काच्या चहाच्या हॉटेलाशी गाडी थांबली. वाटेवरची फेरी असली की राखी इथं जेवणाचा डबा घेऊन उभी राहायची. नवऱ्याशी दोन शब्द व्हायचे. आजही ती आली. डबा वर देताना तिनं एकदम पदर नाकाला लावला.

"शिवानंदभावजी पिलेत," ती हळूच म्हणाली. "आनि तुमी त्यास्नी गाडी दिलीसा?"

गुरुदासनं वळून शिवानंदच्या डोळ्यांकडं बघितलं.

"आनि मागनं ह्यो कसला वास? डोळं चुरचुरायलेत माझं. तुमास्नी येत न्हाई व्हय?"

त्यानं किल्ली काढून घेतली आणि उडी टाकून मागं धावला. टाकीच्या खालच्या नळाचा दांडा दगडाला लागून वाकला होता. बोटाएवढी धार रस्त्यावर पडत होती. थिनरची वाफ जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी उताराला लागते. आणि उताराला फुलाक्काचं हॉटेल, त्यात पेटती चूल.

"फुलाक्का, चूल इझीव! पानी वत!"

"अरं, दूध हाय वर!"

"दूध ऱ्हाऊ दे! पानी वत आनि माणसं घिऊन वर पळ!"

त्याचा आवाज ऐकून फुलाक्कानं दुधासकट पातेलं चुलीत उलटं केलं. माणसं चहाचे कप टाकून पळाली. तोवर शिवानंद खाली उतरला होता. ओठात बिडी, हात खिशात काडेपेटी चाचपत. गुरुदासनं त्याचं मनगट धरलं, पेटी हिसकावून कापलेल्या वावरात भिरकावली.

"छाती जळतीया रं अण्णा," शिवानंद रडवेला झाला. "म्हणून घेतली थोडी."

"ठाव हाय मला. चल, लांब बस जा."

जोयड्याकडून एक जीप येताना दिसली. गुरुदासनं अंगातला शर्ट काढून फडकवला, ती अडवली. मग तो रस्त्यात थबकला. वाफ किती लांब पोचली आहे? माणसं कुठं उभी करायची? वारा तोंडावर होता आणि त्याला काही सांगत नव्हता.

"राखी," तो म्हणाला, "मला वास येत न्हाई."

"म्हंजी?"

"येतच न्हाई. चवथीपासनं. तू सांग मला, कुठवर हाय."

 ती लगेच वळली, वळसा घालून पलीकडं गेली आणि तिकडून एकेक पाऊल टाकत जवळ येऊ लागली. थांबली. "हितं न्हाई." पुढं सरकली. "हितं येतोय!" त्यानं माणसांना तिथून आणखी बरीच मागं नेलं. ओढ्याच्या बाजूला ती पुन्हा थांबली, "हितं तर लई!" आणि त्यानं धुणं धुणाऱ्या बायकांना हाक मारून उठवलं. राखीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बास, आता वर जा," तो म्हणाला. त्यानं खिळ्यावरचा मास्क काढून तोंडाला बांधला, टाकीखाली शिरला. वाकलेला दांडा हातांनीच हळूहळू फिरवला. लोखंडावर लोखंड आपटून चालणार नव्हतं. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. त्यानं टोपण चढवून आवळलं आणि सांडलेल्यावर पाट्यांनी माती ओढली. फायरची गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. कुणाला खरचटलंही नव्हतं.

वरच्या बांधावर राखी बसली होती. तो शेजारी बसला.

"मग पातोळ्या बेस झाल्यात म्हनालासा, ते?"

 तिनं डबा उघडून पुढं केला. "खावा," म्हणाली. तो खाऊ लागल्यावर ती तोंड वळवून रडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकाच्या मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. गाडी तर उत्तम चालवतोस." गुरुदासनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आता तो भाताच्या गिरणीचा टेम्पो चालवतो आणि रोज संध्याकाळी घरी असतो. शिवानंदला कामावरून काढलं. गुरुदास त्याला भेटायला रामनगरला गेला होता, डॉक्टरांचे शब्द सांगून आला. शिवानंदनं ऐकून घेतलं. सोडतो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढं तो दुसऱ्या कुठल्या टँकरवर लागल्याचं कानावर आलं.

नाक काही परतलं नाही.

सुरंगी फुलायच्या दिवसांत राखी एका संध्याकाळी रानातून पदर भरून फुलं घेऊन आली. दाराशी बसून गजरा केला, माळला. गुरुदास मागं येऊन बसला.

"कसा हाय वास?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. गोड, म्हणाली. मग म्हणाली, गोड न्हवं, दाट. मग तिला काही जमेना. "मला न्हाई बाई सांगता येत," ती हसली.

त्यानं तिच्या अंबाड्यावर नाक टेकवलं. फुलांचा गारवा लागला, केसांची ऊब लागली. त्यानं डोळे मिटून श्वास ओढला, सोडला, पुन्हा ओढला. आत चुलीवर भात शिजत होता, त्याकडं बघायला हवं होतं. राखी उठली नाही.