नंजनगूड नावाचा टॅग

चातुर्मासात माझं एकभुक्त असतं, दिवसातून एकदाच जेवण. त्या दिवशी चार वाजले तरी डबा उघडला नव्हता. नंजनगूडच्या एका औषध कारखान्यातून सकाळपासून फोन येत होते. लेबलांवर तारीख पुन्हा जुन्याच पद्धतीने छापली जात होती. त्यांनी यंत्र बंद ठेवलं होतं.

लेबलं छापणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमधली ती दुरुस्ती पूजिताने केली होती. तिची नोकरी याच आठवड्यात पक्की व्हायची होती.

"हिने काम पाठवलंच नाही," अनुराग म्हणाला. हा आमचा टीम लीड, पुण्याहून आलेला. "प्रोबेशन वाढवा म्हणून मी एचआरला मेल टाकलाय."

"अय्यो, पाठवलंय हो सर! वेदक्का, तुम्हीच बघा की."

बघितलं. काम वेळेत आलं होतं. आमच्याकडे नवीन कामाच्या ब्रँचला, म्हणजे त्या कामासाठी काढलेल्या वेगळ्या प्रतीला, गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव द्यायची रीत. काम पोचतं झालं की खूण म्हणून टॅग लावायचा, त्यालाही गावाचंच नाव. गेल्या वर्षीचा नंजनगूड टॅग तसाच होता, त्यात पूजिताची नंजनगूड ब्रँच आली. नाव एकच असलं की बिल्ड चालवताना, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचं सॉफ्टवेअर तयार करताना, आमचं टूल टॅग उचलतं, म्हणजे जुनं काम. तशी सूचना देतं, पण एकाच ओळीत. कोण वाचतं?

"मग सूचना वाचायची ना तिने," अनुराग म्हणाला.

"ती बिल्ड चालवणाऱ्याला दिसते. बिल्ड कोणी चालवलं?"

तो केबिनकडे वळला.

मी सर्व्हरवर एक तपासणी बसवली. टॅगचं नाव ब्रँचला दिलं, की सर्व्हर ती घेणारच नाही. करून बघितलं, नाकारली. अनुरागच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"वा, ताई! मिटलं. जेवा आता."

"मेलचं काय?"

"अहो, एचआरला टॅग-ब्रँच काय कळणार?"

"काम वेळेत आलं होतं, एवढं कळेल."

"मग चूक कोणाची, विचारतील."

"विचारू देत."

मी त्याच्या समोरच्या खुर्चीतून उठले नाही. खरं तर उठवतच नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"माझ्या दारात उपोषणाला बसलात की काय?"

"उपास आहे, पण तो तुमच्यासाठी नव्हे."

तो ओशाळून हसला. मग कीबोर्ड ओढून लिहायला लागला. एक वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'पूजिताचं काम वेळेत आलं होतं. बिल्ड मी चालवलं.' दुसरं वाक्य मी मागितलं नव्हतं. त्याने मेल पाठवला.

केबिनबाहेर पूजिता उभीच होती. "काय झालं, अक्का?"

"तुझ्यावरचं निघालं."

"पक्की करतील ना?"

"ते मला कसं ठाऊक असणार गं? आधी त्या ब्रँचचं नाव बदल. कारखाना थांबलाय."

"आयतु, बदलते," म्हणत तिने डोळे पुसले आणि ती जागेवर जाऊन बसली.