शकुबाईचा गंज आणि सरकारी पहार

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना गंज, म्हणजे मोठं पातेलं आहे. चूल थंड असली तरी आज मी तापलेला आहे, म्हणून जरा जपून ऐका.

घाटंजीकडच्या एका खेड्यात मी शकुबाईच्या लग्नात आलो. पुढे गावात कुणाचंही लग्न असो, वरण माझ्यातच शिजायचं आणि ते शिजवायला शकुबाईच लागायची. लोक मला हक्कानं न्यायचे, चिंचेनं घासून परत आणायचे.

पेरणीआधी शकुबाई माझ्यात मोहफुलं आणि तुरीची चुनी शिजवायची, बैलांना ताकद यावी म्हणून. त्या सकाळी तेच रटरटत होतं. वास रस्त्यावर गेला आणि पोलिसांची जीप थांबली.

"कुणाची दारूभट्टी?" नवे साहेब म्हणाले.

"भट्टी कायची, साहेब? बैलायचं खानं आहे. ते पाहा बैल."

साहेबांनी बैल पाहिले नाहीत. घरात शिरले, कोठ्या उपसल्या, अंथरुणं झटकली. दारूचा थेंब नाही. पंच म्हणून दोघं जीपमधूनच उतरले.

"गावातले सारे मेले का?" शेजारच्या कुंदानं विचारलं. तिला गप्प केलं.

मग माझ्या बुडात पहार घातली. फुलं अंगणभर सांडली. जो पुरावा कोर्टाला दाखवायचा, तो आधी फोडायचा आणि मग जप्त करायचा, ही कुठली अक्कल?

मी ठाण्यामागच्या भंगारात पडलो. इकडे शकुबाई 'दारूवाली' झाली. लग्नाची बोलावणी बंद.

तिनं यवतमाळची वकील केतकी गाठली. केतकी म्हणाली, "मावशी, गंज नवा मिळेल."

"गंज मिळन वं बाई. नाव कोन्त्या दुकानात मिळते?"

प्रकरण नागपूरला हायकोर्टात गेलं. संशयाचं कारण आधी लिहिलं नाही, गावातले पंच घेतले नाहीत, काही सापडलं नसताना जप्ती केली, हुकूम नसताना वस्तू फोडली. झडती बेकायदेशीर. गंज परत करा, कोर्टानं सांगितलं.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "घ्या मावशी. मिटलं आता."

शकुबाईनं माझ्या भोकातून हात घालून बोटं हलवली. "हे मिटलं का? जीपमधी नेला ना? जीपमधीच आना. दिवसाढवळ्या, बाजाराच्या दिवशी."

जीपमधूनच आणलं. बाजाराच्या गर्दीत जीप अडली. भर बाजारातून हवालदारानं मला डोक्यावर घेऊन तिच्या दारापर्यंत पोचवलं. कुंदा ओट्यावरून म्हणाली, "हळू, भाऊ. लग्नाचा गंज आहे तो."

मित्रांनो, भांडी घासा, वेळेवर कल्हई करा. आणि दारात कुणी पहार घेऊन आलं, तर आत घेण्याआधी विचारा, कायले आले? उत्तर लिहून मागा.