फळ्यावरचं कुणीच वाचलं नाही

शाळेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, उशिरा आलेले बाप खिडक्यांच्या गजांना धरून उभे राहिले. स्टेजवर चौथीतला शिवराज डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधून, पोटाशी धरलेल्या पुस्तकातला धडा घडाघडा वाचत होता.

"आगागा! डोळं बांधल्यात आन् पोरगं वाचतंय की!"

"लई भारी! आमच्या पोरीला बी येतंय म्हनं."

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या सुकन्याबाई. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका आणि शिवराज त्यांचा एकुलता एक. एरवी वर्गात त्यालाही 'बाई'च म्हणायला लावणाऱ्या सुकन्याबाई त्या दिवशी शेजारणीला कोपराने ढोसून "माझा आहे" म्हणत होत्या.

"पालकहो," पांढऱ्या सुटातले अजिनाथ सर माईकमध्ये गरजले, "माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो! दोन दिवसांच्या शिबिरात आम्ही मधला मेंदू जागा केला. अल्फा लहरी! थीटा लहरी! बघता बघता तिसरा डोळा उघडला!"

उरलेला नव्वद टक्के मेंदू काय माळ्यावर टाकून ठेवलेला असतो का, असं कुणी विचारलं नाही. हाच गृहस्थ अंगाला भस्म फासून आला असता तर याच शाळेने त्याला फाटकातून परत पाठवलं असतं. पण तो सूट घालून आला, पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं, म्हणून त्याला पुष्पगुच्छ मिळाला. शिकलेल्यांची अंधश्रद्धा अशी इस्त्री करून येते.

मुख्याध्यापक हिंदुराव सरांनी तर तिथेच जाहीर करून टाकलं. यंदा चौथीतल्या पंधरा हुशार मुलांचा वेगळा प्रज्ञा वर्ग निघणार होता. त्यांना स्वतंत्र शिक्षक, प्रयोगाचं साहित्य, कपाटभर पुस्तकं मिळणार होती. आणि ज्यांचा तिसरा डोळा उघडला तीच पंधरा मुलं त्यात जाणार. यादी करायचं काम सुकन्याबाईंकडे आलं.

वैष्णवीचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं.

ही वैष्णवी म्हणजे टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या गुरप्पाची मुलगी. एकदा बाईंनी वर्गात सहज विचारलं होतं, "लाल, पांढरा, हिरवा असे दोरे ओळीने लावत गेलं, तर शंभरावा कुठला?" बाकीची मुलं बोटं मोजत बसली आणि ही म्हणाली, "लाल. नव्याण्णवला तीनाचा भाग जातो की, बाई." पण शिबिरात तिने पट्टी स्वतःच खाली ओढून नीट बसवली आणि सरळ सांगितलं, "मला काळोखच दिसतो, सर."

"हिच्या मनात शंका आहे," अजिनाथ सर बाईंना म्हणाले. "शंका म्हणजे मेंदूवरचा गंज."

यादी लागल्यावर दोन दिवसांनी गुरप्पा वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, पोरीत काय कमी हाय का? दोन दिस धड जेवली न्हाय."

"प्रत्येकाची आपली कुवत असते, गुरप्पा," बाई म्हणाल्या. तो मान हलवून गेला.

शाळा सुटल्यावर वैष्णवी टेबलापाशी आली. "बाई, ते सगळे पोटाशी धरलेलंच का वाचतात? समोरचं फळ्यावरचं का नाही वाचत?"

"मोठी शहाणी आहेस! जळतेस तू त्यांच्यावर."

पोरगी दप्तर उचलून निघून गेली. बाई घरी गेल्या. शिवराज पट्टी बांधून सराव करत होता. हनुवटी वर, मान किंचित मागे, पुस्तक खाली. बाईंनी ते पाहिलं आणि त्या भाजी चिरायला आत निघून गेल्या.

आठवड्याने वर्गाचं उद्घाटन झालं. पुन्हा तीच गर्दी. पंधरा मुलं पट्ट्या बांधून रांगेत उभी राहिली. वैष्णवीचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून सुकन्याबाई उठल्या, हॉलमधल्या फळ्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "मुलांनो, आज समोरचा फळा वाचा. मोठ्याने नको. वाचा आणि तसं करा."

फळ्यावर लिहिलं होतं, "ज्याला हे दिसतं त्याने खाली बसावं."

कुणी बसेना. पंधरा हनुवट्या वर झाल्या, माना वळल्या, पण मुलं उभीच.

"फळा काळा आहे!" अजिनाथ सर पुढे धावले. "काळा रंग लहरी शोषून घेतो!"

"मग पांढरा कागद चिकटवू?" मागून वैष्णवीचा आवाज आला.

कागद चिकटवला, तीच ओळ त्यावर लिहिली. मुलं तशीच उभी होती. तेवढ्यात शिवराजने पट्टी ओढून काढली. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"आई, मला समोरचं कधीच दिसलं नाही. पट्टी बांधताना भुवया वर ताणून धरायच्या. मग नाकापाशी फट राहते, तिच्यातून खालचं दिसतं. सर म्हणाले, कुणाला सांगितलं तर शक्ती जाते. आणि तू टाळ्या वाजवत होतीस."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मुलाच्या हातातली पट्टी घेतली, भुवया ताणून स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि खाली पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी आपल्या चपला, साडीचा काठ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"गुरप्पा, इकडे या. तुम्ही बांधून बघा."

मागे वैष्णवीशेजारी उभा असलेला गुरप्पा पुढे आला आणि त्याने पट्टी बांधली. "आयला! माजी पायताणं दिसत्यात की!" हॉल हसला, पण ते हसू लवकरच विरलं. प्रत्येक जण आपापल्या पोराकडे बघत होता. अजिनाथ सर मेंदूचं चित्र गुंडाळून बाजूच्या दाराने निघाले होते. हिंदुराव सरांनी त्यांची वाट अडवली.

सुकन्याबाईंनी माईक घेतला. "मला लाज वाटते. पोरं खोटं बोलली ती आपल्यासाठी. आपल्याला चमत्कार हवा होता, त्यांनी तो करून दाखवला. एका मुलीने मात्र दिसत नाही तर नाही असं सांगितलं, आणि तिला मी मठ्ठ ठरवलं. तिच्या बापाला कुवत शिकवली. गुरप्पा, माझं चुकलं. वैष्णवी, मी घरी शिवराजची हनुवटी वर झालेली पाहिली होती. पाहून आत गेले. तेव्हा तुझा प्रश्न मी मुलाला विचारला असता तर आज त्याच्यावर ही वेळ आली नसती. हात जोडून सांगते, कुणी कितीही मोठे शब्द वापरो, आधी विचारा, हे कसं होतं? पुन्हा करून दाखवता? मी सांगेन तसं करून दाखवता? विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नका."

जुनी यादी फाडली. नवी परीक्षा कोडी आणि प्रश्नांची झाली. वैष्णवीचं नाव सर्वांत वर आलं. शिवराजचं आलं नाही. ती यादीही सुकन्याबाईंनीच लिहिली आणि स्वतः फलकावर लावली.

सोमवारी चौथीत भागाकार चालू होता. "कुणाला समजलं नाही?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या रोज विचारायच्या आणि रोज वर्ग गप्प बसायचा. समजलं नाही म्हणणारा ढ, हे मुलांना पाठ होतं.

त्या दिवशी तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

"मला नाही समजलं, बाई," शिवराज म्हणाला.

सुकन्याबाईंनी फळा पुसला आणि गणित पहिल्यापासून मांडलं.