पाचर निघेपर्यंत

मी फळी बोलतेय. देवदाराची, साडेचार फूट लांब, मधोमध एक काळी गाठ. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. पंधरा दिवसांच्या कामासाठी मी सहा महिने छताखाली काढलेत.

जन्माचं फारसं आठवत नाही. डोंगर, थंडी, मग करवत. आगगाडीने जबलपूरला आले आणि इथल्या एका कारखान्यात माझी पेटी झाली. जड सरकारी सामान न्यायची पेटी. ती कुठेच गेली नाही. देवीदास नावाचे तपासनीस होते. त्यांनी वाकून माझ्या गाठीवरून नख फिरवलं, "गाठ आहे, रद्द," म्हणाले आणि फुली मारली. ठोकून बघितलं नाही, वजन ठेवून बघितलं नाही. तीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि निवृत्तीला शाल घेऊन घरी गेले.

पेटी भंगारात निघाली. गोहलपुरातल्या एका कबाड्याच्या अंगणात पडून होते. तिथून मला उचललं ते देवीदासांच्याच मुलाने, अश्वजीतने.

अश्वजीत भोपाळला इमारती बांधायचं शिकत होता. तिसऱ्या वर्षी सोडलं. घमापुरात, जबलपुरातल्या त्यांच्या वस्तीत, कोणी विचारलं की देवीदास सांगायचे, सुट्टीवर आहे. दोन वर्षांची सुट्टी! का सोडलं, हे त्यांनी पोराला एकदाही विचारलं नाही. मला माहीत आहे, कारण तो काम करताना बडबडायचा. तिथे पहिल्या वर्षापासून काचेच्या इमारती काढायला लावायचे. मग त्या थंड करायला यंत्रं, यंत्रांना वीज, आणि शेवटच्या पानावर पर्यावरण म्हणून चार झाडं. त्याने सरांना विचारलं, मे महिन्यात ह्यात बसणार कोण? सर म्हणाले, तू बसू नको. तो उठला तो उठलाच.

घमापुरातल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिच्यावर टिन होतं. उन्हाळ्यात पोरं-पोरी ओला टॉवेल डोक्यावर टाकून परीक्षांचा अभ्यास करायची. देवीदास विहार समितीचे अध्यक्ष. स्लॅब टाकू, टाकू म्हणत समितीने चार उन्हाळे घालवले होते. अश्वजीत म्हणाला, छत मी करतो. मातीच्या विटांचं, कमानीचं, आत लोखंडाची एक सळई नाही. माती मागच्या अंगणातली, त्यात थोडं सिमेंट, आणि रिछाईच्या कारखान्यांच्या भागातून आणलेलं हाताने विटा दाबायचं यंत्र. विटा भाजायच्याच नाहीत, म्हणजे भट्टी नाही आणि धूर नाही. समिती हो म्हणाली. खरं तर नाही म्हणायला कोणी उठलं नाही, एवढंच.

कमान बांधायची तर आधी खाली तिच्या आकाराचा लाकडी साचा लागतो. तो साचा म्हणजे आम्ही, रद्द पेट्यांच्या फळ्या. आमच्याखाली बल्ल्यांचे, म्हणजे उभ्या लाकडी वाशांचे, टेकू. टेकू आणि साचा यांच्यामध्ये लाकडी पाचरी, दोन्ही भिंतींलगत पाच-पाच. मी सगळ्यात वर, मधोमध. माझ्या पाठीवर शेवटची वीट बसली तेव्हा होळी तोंडावर होती. पंधरा दिवसांनी पाचरी ठोकून सैल करायच्या, साचा खाली घ्यायचा, कमान आपल्या बळावर उभी. असं ठरलं होतं.

"अजून आठ दिवस राहू दे," देवीदास म्हणाले.

मग जयंती आली. कार्यक्रमाच्या वेळी काही नको. मग मे आला. उन्हात माती तडकते म्हणतात. कोण म्हणतं? कोणी नाही, म्हणतात. मग पाऊस लागला. पावसात तर मुळीच नको. दर वेळी अश्वजीत वही घेऊन गेला, भार कुठून कसा जमिनीत उतरतो ते दाखवलं. देवीदास चष्मा न लावता वहीकडे बघायचे. "राहू दे ना रे. राहिल्याने काय बिघडून राहिलं?"

बिघडत होतं. खिडक्यांना पल्ले नव्हते, पाऊस आत यायचा. ओल लागली की आम्ही फुगतो. लाकडाला दुसरं काही येत नाही. मी फुगले आणि वरच्या विटांना खालून रेटायला लागले. ज्या कमानीला झेलायला मला ठेवलं होतं, तिलाच ढुशा देत होते. ऑगस्टमध्ये कमानीच्या माथ्याला केसाएवढी चीर पडली. खाली बल्ल्यांचं रान, त्यात एक टेबल मावेना. पोरं विहाराच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करत होती.

चीर बघून समिती सुखावली. हो, सुखावलीच. मी वरून चेहरे पाहिलेत. सचिव रामराव म्हणाले, मी तर आधीच म्हटलं होतं. त्यांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. अश्वजीत सांगत होता की चीर फळ्यांमुळे पडली, आणि ते सांगत होते की फळ्या आहेत म्हणून तर हे उभं आहे. सप्टेंबरातल्या एका रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. ठरलं: सोमवारी मजूर येतील, कमान फोडतील, मग स्लॅब.

अश्वजीत बैठकीतून उठला तो हातोडी घेऊनच आत आला. पण हे एकट्याचं काम नव्हे. दोन्ही बाजूंच्या पाचरी बरोबरीने सैल कराव्या लागतात, एक ठोका इकडे, एक तिकडे. एकच बाजू उतरली तर कमान तिरपी होऊन खरंच पडेल. गवंड्याला रामरावांनी सकाळीच फोन करून येऊ नको म्हटलं होतं. मग मोना आत आली. रामरावांची पुतणी, रेल्वेच्या परीक्षेला बसलेली. तिने दुसरी हातोडी उचलली.

"मोना, बाहेर निघ," रामराव दारातून म्हणाले. "लग्न व्हायचं आहे तुझं."

"काका, छत पडलं तर तो विषयच मिटते."

दोघं भिंतींलगत, खिडक्यांपाशी उभी होती. काही झालं तर उडी मारायला जागा होती. मधोमध नव्हती. आणि मधोमधच देवीदास आले. प्लास्टिकची खुर्ची बल्ल्यांमधून आडवी-तिरपी करत आणली, बरोबर माझ्याखाली ठेवली आणि बसले.

"मार," ते म्हणाले. "आता मार."

"बाबा, उठा."

"तुझा हिशोब पक्का आहे ना? मग काहून थांबून राहिला?"

हे वडीलधाऱ्यांचं जुनं हत्यार. वहीतलं खोडून काढता येत नाही, तर स्वतःचं शरीर आणून मध्ये ठेवायचं. आता पोराने मारलं तर तो निर्दयी, नाही मारलं तर खोटा. आम्हाला निदान खिळे ठोकून बसवावं लागतं. ही माणसं आपणहून टेकू होतात आणि मग निघता निघत नाहीत.

दारात कलावतीबाई आल्या, अश्वजीतची आई. त्या मुलाला थांब म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, "उठा न जी. काहून त्याला असं करून राहिले?"

देवीदास उठले नाहीत. अश्वजीतने अजून एकदा उठा म्हटलं. त्यानंतर म्हटलं नाही.

पहिला ठोका त्याने मारला, मग मोनाने. पहिली पाचर, दुसरी, तिसरी. माझ्या अंगातले खिळे कुरकुरायला लागले. चौथीला साचा जरासा बसला आणि माझ्याबरोबर छतही बसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते थांबेल की नाही, मलाही कळत नव्हतं. देवीदासांच्या केसांवर माती सांडली. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पाचवी पाचर. मी बोटभर खाली आले.

छत आलं नाही.

माझ्या पाठीला हवा लागली. फट एवढीशी, पोस्टकार्ड सरकेल एवढी. पलीकडच्या खिडकीचा उजेड तिच्यातून आरपार दिसत होता. मोनाने हातोडी खिडकीत ठेवली.

देवीदासांनी वर बघितलंच नाही. मुलाकडे बघितलं.

"मारलं तू," ते म्हणाले. "मी बसलो होतो तरी."

"पडणार नव्हतं."

"माहीत होतं तुला?"

"हो."

खोटं. मी लाकूड आहे, मला ठोका कळतो. पहिले ठोके हिशोबाचे होते. चौथीपासून हातोडी दोनदा घसरली. शेवटच्या वेळी त्याचं अर्धं अंग खुर्चीकडे वळलेलं होतं, मारता मारता झेप घ्यायला. देवीदासांना हे दिसलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटले होते. सांगायला हवं होतं कोणीतरी. पण त्या घरात काही सांगायची पद्धत नाही.

सोमवारी मजूर आले आणि परत गेले. अभ्यासिकेत आता वीस जण बसतात. दुपारी बाहेरून आलेला माणूस दोन मिनिटं नुसता उभा राहतो, इतकं गार असतं. चीर आहे तेवढीच आहे. मोना रोज येते. देवीदास आत आलेले नाहीत. बाप-लेकाचं बोलणं बंद आहे, निरोप कलावतीबाई पोचवतात.

मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून आहे. अंगाला खिळ्यांची भोकं, एक कड फुगून फाटलेली. रामराव म्हणतात, फळ्या फेकू नका, पुन्हा लावाव्या लागल्या तर? अश्वजीत म्हणतो, लावायच्याच आहेत, रिछाईत एका छोट्या कारखान्यावर असंच छत करायचं आहे.

लावा. मी तयार आहे, कामच आहे माझं. पण चढवण्याआधी काढायची तारीख माझ्या अंगावर लिहा, ठळक. आणि त्या दिवशी कोणी खुर्ची घेऊन आत आलं, तर आधी त्याला उचलून बाहेर ठेवा, मग पाचरीला हात लावा. त्या पोराला पुन्हा तसं मारायला लावू नका.