ओठावरच्या साध्या गाठी

यॉस्र सोळा वर्षांची होती. ट्युनिशियातल्या केर्केनाच्या बेटावरून बापाबरोबर बोटीने स्फॅक्सला माझ्या दातांच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिचं एकच मागणं होतं: बहिणीच्या लग्नाआधी ओठांवरच्या गाठी काढून द्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या पाच-सहा गाठी, आणखी दोन जिभेच्या शेंड्यावर. शाळेत पोरी तिला मासा म्हणायच्या.

मी एक गाठ काढून तपासायला पाठवली. आठवड्याने अहवाल आला. मज्जातंतूची गाठ, कर्करोग नाही. फोनवर ते ऐकून तिचा बाप खमैस रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती गाठ तपासणाऱ्या डॉक्टर लमियाबाईंचा फोन आला. मुलगी उंच, काटकुळी आहे का, पोट साफ न होण्याची तक्रार आहे का, असं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "बुशरा, तिचा गळा चाचपून पाहिलास का?"

नव्हता पाहिला. त्याहून वाईट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी ती दाढ दाखवायला आली होती. तेव्हाही या गाठी होत्या. वयाबरोबर जातील, असं मीच म्हटलं होतं.

यॉस्रला आणि खमैसला परत बोलावलं. या खेपेला आई मन्नूबियाही आली. तिने सांगितलं, जन्मापासून पोरीला चार-चार दिवस शौचाला होत नाही, ऑलिव्हचं तेल पाजत आलोय. मी गळ्याला हात लावला. डाव्या बाजूला टणक गोळा होता.

"साधी गाठ म्हणालात ना, डॉक्टरीणबाई?" खमैस म्हणाला. "मग गळा कशाला चाचपताय?"

"ओठातली साधीच आहे. पण अशा गाठी ज्यांना असतात, त्यांच्या गळ्यातल्या ग्रंथीत दुसरी होते. ती साधी नसते."

यॉस्रने विचारलं, "म्हणजे ओठावरच्या काढणार नाही?"

राजधानीत, ट्युनिसला, ग्रंथी काढली, तोवर कर्करोग फुप्फुसांत उतरला होता. बहिणीच्या लग्नात ती त्याच ओठांनी, बसक्या आवाजात गायली.

दोन वर्षांपूर्वीची चूक मी खमैसला इस्पितळाच्या जिन्यात सांगितली. तो दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळला.

"तिच्या आईला हे सांगू नका," एवढंच म्हणाला.

यॉस्र आणखी तीन वर्षं जगली. मन्नूबिया अजून दात दाखवायला माझ्याकडेच येते. खुर्चीत बसताना म्हणते, तुम्ही ओळखलंत म्हणून तेवढी तरी वर्षं मिळाली. मी दिवा तिच्या तोंडावर ओढते आणि आ करायला सांगते.