बापूची सायकल कोणत्या कंपनीची

सन एकसष्टचा जून. आमच्या बंजारा तांड्यावर सातवी पास झालेली मी एकटीच मुलगी. आठवीची शाळा बोरी अरबला, पाच मैलांवर. बापू, म्हणजे माझा बाप, आदल्या हिवाळ्यात वारला होता. मागे त्याची सायकल राहिली, पण ती चालत नव्हती. त्याचा धाकटा भाऊ, डोंगरकाका, यानं निकाल देऊन टाकला होता. शाळा उघडायच्या आत सायकल चालती झाली तर पोरगी शिकेल, नाही तर दिवाळीनंतर तिचं लग्न. एकटीनं पायी जाणं त्याला मंजूर नव्हतं. शाळा सोमवारी उघडणार होती.

गुरुवारी मी सायकल ढकलत बोरीला नानाजी मिस्त्रीकडे नेली. पायडलचा दांडा जिच्यात फिरतो ती वाटी फुटली होती. नानाजीनं नवी वाटी फिरवून पाहिली, ती दोन फेऱ्यांतच अडकली.

"आटे वेगळे हायेत हिचे. कंपनी सांग, मंग जमते. अंदाजानं ठोकली तं नळीच कामातून जाईल."

कंपनी कोणाला माहीत? बापूनं ती जिनिंगमधल्या एका साहेबाकडून जुनीच घेतलेली. रंग तीनदा दिलेला, दातेचाक बदललेलं, सीट बदललेली. तशीच ढकलत परत आणली.

शुक्रवारी सकाळी घासलेटच्या फडक्यानं पुसता पुसता हँडलखालच्या नळीवरचा रंग सुटला आणि बोटाला दोन बारीक भोकं लागली. इथं कंपनीचं काहीतरी बसवलेलं होतं. मी आईला हाक मारली. आईला आम्ही याडी म्हणायचो. याडी आली, भोकं पाहिली, आणि परत चुलीकडे निघाली. मी तिचा पिच्छा सोडला नाही, तेव्हा तिनं हळूच कपाळावर बोट ठेवलं.

आमच्या बाया चकाकणारं काहीही ओढणीला शिवतात. आरसे, कवड्या, राणीछाप रुपये. याडीच्या कपाळावर दोन रुपयांच्या मधे एक पितळी बिल्ला होता, त्यावर पाखराचं तोंड. चौदा वर्षं मी तो रोज पाहत होते. सायकल घरी आली त्याच दिवशी तिनं तो विळ्याच्या टोकानं उचकटला होता.

"गाडीवर धूळच खाल्ली असती त्यानं," ती म्हणाली. "मोर हाय तो."

माझ्या अंगात वारं शिरलं. ओढणी दे म्हटलं, तर उघड्या डोक्यानं बसायला ती तयार नाही. मग याडीच निघाली. मी सायकल ढकलत पुढे, ती घुंगरं वाजवत मागे. पाच मैल कसे गेले कळलं नाही.

दुकानात याडी सायकलीसमोर वाकली, डोकं थेट हँडलला टेकवलं. बाजारातली माणसं जमली. पूजा करून राह्यली का बाई, म्हणून एकानं विचारलंही. नानाजीनं चष्मा पुसला, बिल्ल्याची भोकं नळीच्या भोकांवर धरली. तंतोतंत बसली.

"रॅले हाये," तो म्हणाला. "इंग्लंडची. अन् हा मोर नाही बाई, बगळा हाये."

"बगळा तुह्या दुकानात. माह्या डोक्यावर मोरच हाय."

नानाजीनं जुन्या सामानाची पेटी उपडी केली. तळातून रॅलेची एक वाटी निघाली. नानाजीनं ती नळीच्या तोंडाशी धरून फिरवली. पाना लागलाच नाही, वाटी बोटांनीच सरसर आत गेली. बिल्ला आता जागेवर बसवू का, असं नानाजीनं विचारलं. याडीनं ओढणी सावरली आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

येताना मी दांड्याखालून पाय घालून, कैची मारत, याडीला कुठल्या कुठं मागे टाकलं. तांड्याच्या तोंडाशी डोंगरकाका खाटेवर बसला होता. त्याच्यासमोर ऐटीत थांबायचं मी वाटेतच ठरवलं होतं. पण वाटीच्या नादात ब्रेकांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मी खाटेला घासून पुढे गेले आणि कडब्याच्या गंजीत शिरले.

काका धावत आला. आधी त्यानं सायकल उचलली, पायडलवर हात मारला. चाक फिरत राहिलं. तो ते थांबेपर्यंत पाहत राहिला, मग माझ्या केसांतला कडबा काढू लागला.

"सोमवारच्या आत ब्रेक लावून घे," तो म्हणाला. "शाळेच्या भिंतीले कडबा नसते."